शमीम मॅडमचा अठरा नंबर

शमीम मॅडमच्या लॅबमध्ये मी नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी माझं सर्टिफिकेट हातातसुद्धा घेतलं नाही. दंडाला धरून मला सरळ मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "बघा."

मी बघितलं. जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांची नुसती गर्दी. डिप्लोमाची परीक्षा नुकतीच दिलेली, पाठ केलेलं सगळं जिभेवर तयार होतं. मी एका दमात तीन-चार नावं फेकली.

"नाव नंतर!" त्या एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या, की मी स्टुलावरून पडायची राहिले. "नाव मला पण येतं. तुम्हाला दिसतंय काय, ते सांगा."

मी पुन्हा डोळा लावला. "इकडे सगळ्या पेशी ओळीनं, शहाण्यासारख्या बसल्यात... आणि त्या कोपऱ्यात भांडण चाललंय."

मॅडमनी टाळी वाजवली. "भांडणच आहे! सोमवारपासून या."

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. महाडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात ही लॅब. पुढच्या खोलीत पेशंटसाठी एक बाक, मागच्या खोलीत मॅडम आणि त्यांचा मायक्रोस्कोप. मॅडमच्या वडिलांचे ट्रक होते, भाऊ कुवेतला. मुलगी मुंबईला जाऊन डॉक्टर होऊन आली, तेव्हा साऱ्या गावाला वाटलं, चला, बायकांची सोय झाली, बाळंतपणाला आता अलिबागला धावायला नको. मॅडमनी मात्र हा काचा बघायचा विषय घेतला होता. "बाळ बाहेर आलं की सगळेच बघतात हो," त्या म्हणायच्या, "आत काय चाललंय ते बघणारं कोणी हवं की नको?"

काही वेगळं दिसलं, की त्यांना एकटीनं बघवत नसे. मलेरियाचा जंतू सापडला तर पत्र टाकायला आलेल्या पोस्टमनला बोलवायच्या, हत्तीरोगाचा सापडला तर खालच्या कापडवाल्या शेठना. ते शेठ बिचारे चष्मा वर करून मायक्रोस्कोपमध्ये स्वतःच्याच पापण्या बघायचे आणि "वा, वा, फारच छान" म्हणून खाली जायचे. पन्नाशीला आलेली बाई, डोक्यावरचा पदर सावरत, खोलीभर उड्या मारायची तेवढी बाकी असायची. मला पहिल्या महिन्यात त्याची लाज वाटायची. नंतर माझाही पाय जमिनीवर ठरेना.

एका हिवाळ्यात पोलादपूरच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. एका संस्थेनं भरवलेलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी हलकेच लाकडी पट्टी फिरवायची, जे पाणी लागेल ते काचेवर पसरायचं आणि त्यात कॅन्सरच्या पेशी दिसतात का ते बघायचं, अशी ती तपासणी. पॅप स्मिअर म्हणतात त्याला. काचांचा खोका आमच्याकडे आला. मॅडम चार दिवस मान वर न करता बसल्या. बहुतेक काचांत काही नव्हतं. काहींत साधी सूज होती.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा आवाज आला. आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, अगदी हळू होता. "सुनंदा, इकडे ये. श्वास न घेता बघ."

मी बघितलं. पेशींचे झुबके होते. एकेक पेशी पाहिली तर गरीब, सोज्वळ. पण दाटीवाटीनं एकावर एक चढलेल्या, आणि झुबक्याच्या कडेच्या पेशी ओळ सोडून बाहेर डोकावत होत्या.

"इतक्या शहाण्या दिसतात, म्हणून मला त्यांचा संशय येतोय," मॅडम पुटपुटल्या. "या बाहेरच्या नाहीत. आतल्या आहेत. ग्रंथींच्या."

त्यांनी मला समजावलं, ते आजही शब्दन् शब्द आठवतं. पिशवीच्या तोंडाचा नेहमीचा कॅन्सर बाहेरच्या सपाट पेशींत होतो. तपासणाऱ्या डॉक्टरला तो पुष्कळदा डोळ्यांनी दिसतो. पण तोंडातून वर जाणारी जी अरुंद वाट असते, तिच्या अस्तरात ग्रंथी असतात. तिथं होणारा कॅन्सर क्वचितच सापडतो. "अंगण झाडून लख्ख, आणि माजघरात आग!" मॅडम म्हणाल्या. शिबिराच्या डॉक्टरांनी त्या बाईच्या कागदावर 'तोंड स्वच्छ' असं लिहिलं होतं. त्यांची चूक नव्हती. अंगण स्वच्छच होतं.

काच होती वनिताची. वय चौतीस. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरची. अंगावरून पाणी जातं आणि मधूनच लाल दिसतं, एवढीच तक्रार. मॅडमनी महाडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना गळ घातली. ते म्हणाले, "अहो, बाहेर काही नाही, उगाच कशाला?" मॅडम तीनदा त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच हात जोडले आणि वनिताला बोलावून आतला तुकडा काढून दिला.

त्या तुकड्याची काच तयार झाली, तो दिवस मी विसरणार नाही. वनिता आणि तिची सासू भागाबाई सकाळच्या एसटीनं येऊन बाकावर बसल्या होत्या. त्या आल्याचं मॅडमना माहीत नव्हतं आणि मी रक्त घेण्यात गुंतले होते. आतून एकदम आरोळी आली, "सापडलं!" पाठोपाठ मॅडमच बाहेर. चेहरा नुसता उजळलेला. "सुनंदा, ये, ये लवकर! पेशींची बोटं बघ कशी दिसतात, अगदी बोटं! मी पुस्तकात वाचलं होतं फक्त. किती सुंदर आहे गं!"

भागाबाई बाकावरून उठली. तिनं मॅडमच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्याही चेहऱ्यावर हसू पसरलं. दोन्ही हात जोडून ती म्हणाली, "देव पावला गो बाय. येवडी आनंदात हाईस, म्हंजे माज्या सुनंला काय नाय ना?"

मॅडमचा हात हवेतच राहिला. त्या भागाबाईकडे बघत होत्या, मग त्यांनी वनिताकडे बघितलं. वनितानं मात्र ओळखलं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आय, बसा. तसं नाय ते."

त्या दिवशी मॅडमनी दोघींना आत नेऊन स्वतःच्या खुर्चीवर आणि माझ्या स्टुलावर बसवलं, आपण उभ्या राहिल्या. कॅन्सर आहे, हे त्यांनी सांगितलं. हा प्रकार विरळा आहे, लवकर सापडलाय, मुंबईला जाऊन पिशवी काढली तर बरं होण्याची आशा पुष्कळ आहे, हेही सांगितलं. वनितानं शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "पन झाला कशानं?"

आणि शमीम मॅडमना विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देणं जन्मात जमलेलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. पॅपिलोमा नावाचा विषाणू असतो, पिशवीच्या तोंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमागे तो असतोच, या आतल्या कॅन्सरमागेही पुष्कळदा असतो असं आता दिसायला लागलंय, त्याचे अनेक नंबर आहेत, ग्रंथींच्या कॅन्सरात अठरा नंबरचा जास्त सापडतो. बोलता बोलता त्यांचा आवाज पुन्हा चढला, हात हलायला लागले. आणि हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून जातो, हेही त्यांनी त्याच भरात सांगून टाकलं.

भागाबाईचा चेहरा तेव्हाच बदलला होता. तो मला दिसला, मॅडमना दिसला नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलातली तारीख आली आणि गेली. वनिता तिकडे पोचलीच नव्हती. मॅडमनी दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्या निरोपाला वाडीवरून उत्तर आलं की 'तिला माहेरी धाडणार हाव, आता आमी बगू.' मॅडम बराच वेळ मायक्रोस्कोपचा दिवा बंद-चालू करत बसल्या.

"हे माझ्या तोंडानं केलंय," त्या म्हणाल्या. "आजारानं तिचं एवढं नुकसान केलं नव्हतं. चल."

आम्ही एसटीनं पोलादपूरला आणि तिथून जीपनं फाट्यापर्यंत गेलो. पुढे चढ चालायचा होता. मॅडमना दम लागत होता, तरी सगळ्या वाटेनं त्या काय बोलायचं ते जुळवत होत्या आणि मोडत होत्या. "आधी माफी मागू का आधी विषाणू?" त्या मला विचारायच्या. मी म्हटलं, "आधी पाणी मागा." तेव्हा कुठे त्या हसल्या.

घरात भागाबाई होती आणि मुंबईहून बोलावून घेतलेला वनिताचा नवरा, दत्ताराम. तो प्रभादेवीला छापखान्यात कामाला, गणपती आणि शिमग्याला घरी येणारा. वनिता पडवीच्या टोकाला बसली होती. तिच्या शेजारी तिचं वेगळं ताट-तांब्या होता. तेवढं बघून मला सगळं कळलं.

भागाबाईनं पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. "तुमीच बोललात ना बाय, त्या संबंधातनं होतो म्हनून? माजा पोरगा वरीसभर मुंबयला. मंग हिला कोनाकडनं झाला, ते सांगा की."

वनिता पडवीतून म्हणाली, "मी देवाची शपथ घेतली, आय. अजून किती घेऊ?"

"शपथ घेऊ नकोस," मॅडम तिला म्हणाल्या. "तुझी काही चूक नाही. चूक माझी. मी अर्धवट सांगितलं." आणि त्या जमिनीवरच बसल्या, चांगल्या साडीनिशी, सारवलेल्या ओल्या जमिनीवर. "भागाबाई, हा विषाणू वाईट वागणाऱ्यांनाच होतो असं नाही. सर्दी जशी कोणालाही होते ना, तितका हा पसरलेला आहे. लग्न झालेल्या बायका-पुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी हा शिवून जातो. कळत नाही, दुखत नाही, खाजत नाही. बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. कदाचित तुम्हालाही झाला असेल, तुमच्या आईलाही."

"अगो बया!" भागाबाई म्हणाली.

"पण एखादीच्या अंगात तो राहतो. दहा वर्षं, पंधरा वर्षं गप्प बसून राहतो. मग तो कधी आला, कोणाकडून आला, हे कोण सांगणार? मी नाही सांगू शकत. मुंबईचे मोठे डॉक्टर नाही सांगू शकत. ज्याला हे काचेत दिसतं म्हणून सांगेल, तो खोटं बोलतो."

दत्ताराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आता त्यानं घसा साफ केला.

"मॅडम, एक विचारू? माझ्याकडनं गेला असंल काय?"

"दत्या!" भागाबाई ओरडली.

"थांब गो आय. मला विचारू दे. लगीन व्हायच्या आधी मी मुंबईतच होतो. खोलीत आम्ही दहा जण. त्या टायमाला..." वाक्य तसंच सोडून तो म्हणाला, "तेव्हाचा असू शकतो काय?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "असू शकतो," त्या म्हणाल्या. "नसूही शकतो. नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही विचारलंत, हे... मी इतकी वर्षं हे काम करते, कोणी पुरुषानं मला हे विचारलेलं नाही."

दत्ताराम पडवीत गेला. वनिताचं ताट आणि तांब्या उचलून त्यानं आत आणला आणि मांडणीवर बाकीच्या भांड्यांत ठेवला. मग आईकडे वळून म्हणाला, "आता तिला काय बोलायचं नाय. बोलायचं असंल तर मला बोल."

भागाबाई चुलीकडे तोंड फिरवून बसली. आम्हाला वाटलं, सगळं फिसकटलं. तेवढ्यात ती तशीच पाठमोरी म्हणाली, "मुंबयची गाडी किती वाजता हाय?"

मॅडम ताडकन उठल्या! साडीला लागलेलं शेण न बघता त्यांनी दत्तारामला हॉस्पिटलचा मजला, खिडकी, डॉक्टरीणबाईंचं नाव, सगळं तीन-तीनदा सांगितलं. परतीच्या उतारावर त्या माझ्यापुढे पळत होत्या.

वनिताचं ऑपरेशन झालं. पिशवी काढली. रोग बाहेर पसरला नव्हता. ती दीड महिन्यानं लॅबमध्ये आली तेव्हा वाळली होती, पण फाट्यापर्यंतची वाट पायी उतरून आली होती आणि आमच्यासाठी तांदळाचे पापड आणले होते.

त्या वेळी मुंबईत एक डॉक्टर असल्या विरळ्या कॅन्सरांचे नमुने गोळा करून त्यांत विषाणू आहे का ते तपासत होते. मेणाच्या छोट्या ठोकळ्यात रोगाचा तुकडा वर्षानुवर्षं टिकतो, तो पाठवायचा. मॅडमच्या मनात किती होतं ते मला ठाऊक होतं. पण यावेळी त्यांनी आधी वनिताला विचारलं. तिनं उलट विचारलं, "काडून टाकलेलाच हाय ना तो? मंग पाटवा की. कुनाला तरी कळंल." वनिताच्या ठोकळ्याबरोबर मॅडमनी आणखी एक ठोकळा पाठवला. महाडच्याच एका आजींचा. त्यांनाही पिशवीच्या तोंडाचाच, पण आणखी वेगळ्या, फारच क्वचित दिसणाऱ्या प्रकारचा कॅन्सर झाला होता. आजी वारल्या होत्या. त्यांच्या मुलीनं परवानगी दिली.

सहा-सात महिने गेले. मग पत्र आलं. मॅडमनी ते उभ्या उभ्याच फोडलं, वाचलं आणि तोंड उघडून बाहेरच्या खोलीकडे झेपावल्या. दारातच थांबल्या. बाकावर एक म्हातारे गृहस्थ रिपोर्टची वाट बघत बसले होते. मॅडमनी तोंडावर हात दाबला, उलट्या पावली आत आल्या, दार लावलं, मला दोन्ही खांद्यांना धरलं आणि आवाज न करता गोल गोल फिरवलं.

"वनिताच्यात अठरा नंबर!" त्या कुजबुजत होत्या, पण ती कुजबुज खालच्या शेठनाही ऐकू गेली असेल. "आणि आजींच्यात काहीच नाही! अठरा नाही, सोळा नाही, कुठलाच नाही!"

"मग आजींचं फुकट गेलं?"

"फुकट? वेडी आहेस का? तेच तर मोठं! एकाच जागेचे दोन कॅन्सर, दोन्ही विरळे, आणि एकामागे विषाणू आहे, दुसऱ्यामागे सापडत नाही. म्हणजे या विरळ्या प्रकारांना एका दावणीला बांधता येणार नाही. प्रत्येकाची चौकशी वेगळी करावी लागेल. सुनंदा, आपल्या महाडच्या दोन बायकांनी हे सांगितलं! आपल्या दोन बायकांनी!"

बाहेरच्या गृहस्थांचा रिपोर्ट मात्र त्यांनी पाच मिनिटं शांत बसून, चेहरा जागेवर आणून, मगच नेऊन दिला. भागाबाईच्या त्या दिवसानंतर त्यांनी तसाच नियम केला होता. आनंद मागच्या खोलीत, बाकापाशी फक्त समोरच्या माणसाचं बोलायचं.

मी त्यांच्याकडे तेरा वर्षं काढली. त्या गेल्या त्याला आता बराच काळ झाला. हृदय मोठं झालं होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचा एक्स-रे खिडकीवर धरून मला म्हटलं होतं, "काय मस्त दिसतंय बघ!" लॅब बंद करायच्या आदल्या वर्षी या विषाणूवरची लस आपल्याकडे आली. महाग होती, सगळ्यांना परवडणारी नव्हती, आणि लस घेतली तरी तपासणी सुटत नव्हती. पण मॅडमना दम धरवेना. जिना चढवत नव्हता, तरी पोलादपूरच्या शाळेत मुलींच्या आयांची सभा ठरवली. मला रिक्षात घालून घेऊन गेल्या.

वर्ग भरला होता. मॅडम दहा मिनिटं बोलल्या आणि त्यांना धाप लागली. विषाणूचं नाव काढल्यावर बायका एकमेकींकडे बघून माना खाली घालत होत्या. कोणी काही विचारीना. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठून पुढे आली. वनिता. केस पांढरे व्हायला लागले होते. मॅडमनी तिला बोलावलं नव्हतं. सभेची चिठ्ठी वाडीवर गेली होती, तेवढंच.

"मी वनिता," ती म्हणाली. "हा कॅन्सर मला झालेला. तो विषाणू माझ्या अंगात सापडलेला. आठ वरसं झाली, मी तुमच्या म्होरं उबी हाय. काय विचारायचं ते मला विचारा."

आणि प्रश्न सुरू झाले! दुखतं का, लाज वाटते का, काय काय काढतात, काम जमतं का. मॅडम दोनदा बोलायला उठल्या आणि दोन्ही वेळा आपणच खाली बसल्या. मी त्यांना एवढा वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढं खूशही.

शेवटी खिडकीजवळची एक तरुण बाई, कडेवर मूल, हळूच म्हणाली, "मी तपासनी करीन, पन घरचे म्हनतील, तुला कशाला पायजे, तू काय केलंयस? माज्या नवऱ्याला तुमी सांगाल काय?"

वनिता म्हणाली, "मी नाय. माझा नवरा सांगंल. बाहेर बसलाय."

ती दारापाशी गेली आणि तिनं हाक मारली. दत्ताराम पायातल्या चपला काढून आत आला. एवढ्या बायका बघून अंग चोरून भिंतीशी उभा राहिला. तेव्हा शमीम मॅडम उठल्या, धापा टाकत, आपली खुर्ची दोन्ही हातांनी ओढत वर्गाच्या मधोमध नेली, त्याला म्हणाल्या, "बसा," आणि स्वतः वनिताच्या शेजारी, बायकांच्या बाकावर जाऊन बसल्या.